खटक्याचा हिशेब : जुन्या फिल्म कॅमेऱ्यांच्या शटरविषयी

बीड जिल्ह्यातल्या जुन्या लग्नांच्या अल्बमांत एक ठरावीक फोटो हमखास भेटतो. अंतरपाट बाजूला झालेला, नवरदेव हार घालायला हात उंचावून उभा, आणि नवरी असायला हवी तिथे कुळकुळीत काळोख. अर्धा फोटो लख्ख, अर्धा काळा. घरोघरी त्याची कारणंही ठरलेली असतात : फ्लॅश नीट उडाला नाही, रोळ जुना निघाला, धुताना काहीतरी चुकलं. खरं कारण बहुतेक वेळा शटरपाशी असतं. पण ‘शटरचा घोटाळा’ एवढं म्हणून भागत नाही, कारण त्या काळ्या अर्ध्याला तीन वेगवेगळी कारणं असू शकतात आणि तिन्हींवरचे इलाज निराळे आहेत.

काळा भाग फक्त फ्लॅशच्या फोटोंत असेल, उजेड-काळोखाची सीमा रेघेसारखी ठसठशीत असेल आणि त्याच रोळावरचे उन्हातले फोटो चांगले असतील, तर पहिला संशय वेगाच्या तबकडीवर घ्यायचा. साठवर, म्हणजे १/६० सेकंदावर, ठेवायचं ते एकशे पंचवीसवर राहिलं असणार. शटर निरोगी आहे. तबकडी साठवरच असूनही रेघ येत असेल, तर फ्लॅश चमकतो त्या क्षणी शटरच्या दोन पडद्यांपैकी आधी उघडणारा पहिला पडदा अजून वाटेत असतो, म्हणजे तो रेंगाळतोय. आणि फ्लॅश नसतानाही, भर उन्हात, फोटोची एक बाजू हळूहळू काळवंडत गेली असेल, तर मागचा पडदा पुढच्याला गाठतोय. पहिल्या दोषाला काहीच दुरुस्ती नको, दुसऱ्याला सफाई हवी, तिसऱ्याला सफाई झाल्यावर स्प्रिंगच्या ताणाची जुळणीही हवी. हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसलेल्या माणसाला हा फरक कळत नाही. निगेटिव्हची पट्टी ट्यूबलाइटसमोर धरणाऱ्याला तो मिनिटभरात कळतो.

या पुस्तिकेचं सांगणं एवढंच आहे. शटरचा दोष आधी फिल्मवर वाचायचा, मग कॅमेऱ्यात शोधायचा. फिल्म हे शटरचं हिशेबाचं बाड आहे. प्रत्येक खटक्याला त्याने किती उजेड आत घेतला, कुठे जास्त, कुठे कमी, याची नोंद त्यात पक्की झालेली असते आणि नंतर ती कुणाला बदलता येत नाही.

पुस्तिका लिहिताना तीन वाचक डोळ्यांपुढे होते. माळ्यावरच्या पेटीत आजोबांचा किंवा मामांचा कॅमेरा सापडलेली तरुण मुलं-मुली. ज्यांनी आयुष्यभर स्टुडिओ चालवला आणि ज्यांचे कॅमेरे आता काचेच्या कपाटात उभे आहेत असे फोटोग्राफर. आणि गावाच्या, घराण्याच्या जुन्या फोटोंची जुळवाजुळव करणारे लोक. तिसऱ्या गटाला कॅमेरा दुरुस्त करायचा नसतो. तरी शटरचं ज्ञान त्यांना कामाचं आहे. अर्ध्या काळ्या फोटोचंच बघा. जुळ्या लेन्सच्या, १२० रोळाच्या कॅमेऱ्यात असा फोटो निघूच शकत नाही, कारण त्याचं शटर लेन्सच्या आतच असतं आणि कोणत्याही वेगाला पूर्ण उघडतं. त्यामुळे तारीख नसलेल्या अल्बमात हा काळा अर्धा दिसला, की तो फोटो जुळ्या लेन्सच्या कॅमेऱ्याचा नाही, बहुधा ३५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्याचा आहे, असं म्हणता येतं. जुळ्या लेन्सवर हात बसलेला माणूस नव्या कॅमेऱ्याशी झटापट करत होता, अशीही शक्यता मोठी. पानावरचा दोष कधी कधी काळाचा पुरावा होतो, तो असा.

कोणते कॅमेरे या पुस्तिकेत घेतले आणि कोणते सोडले, हेही सांगायला हवं. लायकासारखे महागडे कॅमेरे इथे उदाहरणापुरतेच येतात. भर आहे तो मराठवाड्यातल्या घरांत आणि स्टुडिओंत खरोखर सापडणाऱ्या यंत्रांवर. बडोद्याच्या न्यू इंडिया इंडस्ट्रीजने बनवलेला आग्फा क्लिक थ्री, म्हणजे असंख्य मध्यमवर्गीय घरांचा पहिला कॅमेरा. याशिका ६३५, याशिका मॅट १२४ जी, रोलीकॉर्ड, मामिया सी ३३० हे जुळ्या लेन्सचे. मग रशियन झेनिट आणि झोर्की. आणि त्यानंतरचे पेंटॅक्स के १०००, याशिका एफएक्स-३, निकॉन एफएम २. यांची शटरं वेगवेगळ्या कुळांतली आहेत आणि प्रत्येक कुळाचं दुखणं वेगळं.

या कुळांचा क्रम लक्षात घेतला की पुढची प्रकरणं सोपी जातील. बीड १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होतं. निजामाच्या पदरी असलेल्या राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) यांच्या पिढीने छायाचित्रणाला सुरुवात केली तेव्हा शटर म्हणजे बहुधा फोटोग्राफरचा हात होता. लेन्सवरची टोपी काढायची, मनात आकडे मोजायचे, टोपी परत घालायची. काचेवरचा मसाला इतका मंद होता की सेकंद-दोन सेकंद हातानेच सांभाळता येत. मसाला चपळ झाला तसा हात अपुरा पडू लागला आणि शटर नावाचं स्वतंत्र यंत्र जन्माला आलं. लाकडी कॅमेऱ्यांवर बसणारं इंग्लंडच्या थॉर्नटन-पिकार्ड कंपनीचं शटर हे या पहिल्या कुळातलं एक प्रसिद्ध उदाहरण. त्यात काळ्या कापडाचा पडदा एका रुळावरून दुसऱ्यावर गुंडाळला जायचा आणि रबरी फुगा दाबला की सुटायचा. ही शटरं आज सापडतात तेव्हा फुगा फुटलेला आणि कापड घडीवर चिरलेलं असतं. दोन्ही नवी घालता येतात, आणि शटरदुरुस्ती शिकायची असेल तर सुरुवात इथूनच करावी, कारण यात लपलेलं काही नसतं.

दुसरं कूळ पात्यांच्या शटरचं. लेन्सच्या भिंगांमध्ये पोलादाची पातळ पाती एकमेकांवर चढून बसलेली असतात. खटका दाबला की ती मधून उघडतात आणि मिटतात. म्युनिकच्या फ्रीडरिश डेकेल यांच्या कारखान्यातलं कॉम्पुर शटर १९१२ च्या सुमारास आलं. त्याआधीच्या त्यांच्याच कॉम्पाउंड शटरात मंद वेग हवेच्या दट्ट्यावर ठरत असत. कॉम्पुरमध्ये ते काम दातेरी चाकांच्या गाडीकडे आलं. म्हणजे शटरात अक्षरशः घड्याळ बसलं. पुढे जपानमध्ये ही शटरं घड्याळ कंपन्यांनीही बनवली : मामियाच्या लेन्समधली शटरं सेइकोची, आणि १९६१ मध्ये एचएमटीला मनगटी घड्याळं करायला साहाय्य देणारी सिटिझन कंपनीही एके काळी कॅमेऱ्याची शटरं बनवत असे. तालुक्याच्या गावी बंद पडलेला कॅमेरा घड्याळजीच्या टेबलावर जाई, तो काही अडाणीपणा नव्हता. योग्य कारागीर तोच होता.

फक्त एका बाबतीत घड्याळजीची सवय शटरला मारक ठरली, ती म्हणजे तेल. घड्याळाच्या चुळीला टाचणीच्या टोकावर मावेल एवढं तेल लागतंच. शटरची पाती मात्र कोरडी ठणठणीत हवीत. दोन पातळ पत्र्यांच्या मध्ये तेलाचा अंश गेला की ते दोघांना चिकटवून टाकतं. त्यात घरगुती वैद्य शिलाई मशीनचं तेल सोडतात. पहिले दोन दिवस शटर झकास चालतं, म्हणून तेल लागू पडलं असं वाटतं. मग ते पसरतं, पात्यांवर चढतं, त्यावर धूळ बसते आणि महिन्याभरात शटर पहिल्यापेक्षा जास्त अडतं. हाती येणाऱ्या जुळ्या लेन्सच्या कॅमेऱ्यांत तुटलेल्या स्प्रिंगपेक्षा तेलाने माखलेली पाती कितीतरी जास्त दिसतात.

या तेल-ग्रीसच्या दुखण्याला बीड जिल्ह्यात एक खास वेळापत्रक आहे, आणि बाहेरच्या कोणत्याही पुस्तकात ते मिळणार नाही. आषाढी ते कार्तिकी लग्नं नाहीत. म्हणजे पावसाळ्याचे दमट महिने कॅमेरा चामडी पिशवीत पडून. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात, पण तोवर जिल्ह्यातली ऊसतोड कामगारांची कुटुंबं दसरा-दिवाळी उरकून कारखान्यांकडे निघालेली असतात. ती परततात हंगाम संपल्यावर, पाडव्याच्या आगेमागे. त्यामुळे खरी लगीनसराई चैत्र-वैशाखात, पारा चाळिशीच्या वर असताना. चार महिने ओलाव्यात निपचित पडायचं आणि मग ऐन उन्हाळ्यात मांडवाखाली दिवसाला चार-चार रोळ ओढायचे, असं या कॅमेऱ्यांचं आयुष्य गेलं. उष्णतेत ग्रीसचा पातळ भाग सुटून वाहतो आणि नको तिथे जातो. मागे उरतो तो घट्ट भाग, आणि पडून राहिला की त्याचा डिंक होतो. झिजून गेलेल्या शटरांपेक्षा अशी थिजलेली शटरंच इथे अधिक.

थिजलेलं शटर ओळखायची सोपी खूण निगेटिव्हवर असते. रोळातला पहिला फोटो ओव्हर किंवा हललेला, दुसरा जरा बरा, चौथ्या-पाचव्यापासून सगळे नीट. शटर दोन-चारदा चाललं की डिंक मोकळा होतो, म्हणून असं घडतं. कॅमेरा हातात असेल तर मार्गशीर्षातल्या थंड सकाळी एकदा आणि दुपारी एकदा एक सेकंदाचा वेग चालवून बघा. सकाळी अडखळत असेल आणि दुपारी सुरळीत चालत असेल, तर दोष ग्रीसचा. दोन्ही वेळा सारखाच अडत असेल, तर स्प्रिंग किंवा चाकाच्या दात्याकडे बघायला हवं.

धुळीचंही असंच. गेवराई-माजलगावकडची काळ्या रानातली धूळ बारीक आणि चिवट, आष्टी-पाटोद्याच्या बालाघाटी माळावरची मुरमाड आणि खरखरीत. जिनिंगच्या आसपास कापसाचे तंतू, परळीत औष्णिक केंद्राची राख, आणि सगळीकडे वरातीतला गुलाल. जुळ्या लेन्सच्या कॅमेऱ्यात शटर दोन भिंगांच्या मध्ये सुरक्षित असतं, तिथवर धूळ हळूहळू पोचते. ३५ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यात मात्र रोळ बदलायला पाठ उघडली की शटरचा पडदा थेट उघड्यावर येतो, आणि लग्नात रोळ बदलायची वेळ नेमकी वरात रंगात असताना येते. पडद्याच्या रुळाशी जाऊन बसलेला गुलाल बरीच वर्षं लाल राहतो. पाठ उघडल्याबरोबर कॅमेऱ्याने कोणती कामं केली ते कळतं.

पडद्याचं शटर हे तिसरं कूळ. लायकाने १९२५ पासून ते लोकप्रिय केलं. झोर्की, झेनिट आणि पेंटॅक्स के १००० हे याच घराण्यातले. यात रबर चढवलेल्या कापडाचे दोन पडदे फिल्मच्या अगदी पुढे असतात. पहिला उघडत जातो, दुसरा झाकत जातो. ३६ मिलिमीटर रुंदीची चौकट ओलांडायला पडद्याला साधारण १/६० सेकंद लागतो असं धरलं, तर १/१००० च्या वेगाला दोन पडद्यांमधली फट जेमतेम दोन मिलिमीटरची उरते. आता मागचा पडदा वाटेत फक्त दोन मिलिमीटरने सरस ठरला, तरी शेवटाला फट मिटते आणि फोटोची एक कड काळी पडते. साठला किंवा तीसला हाच दोष दिसतही नाही, कारण तेव्हा फट चौकटीएवढी किंवा तिच्याहून मोठी असते. म्हणूनच ‘माझ्या कॅमेऱ्यात दोष नाही, घरातले फोटो चांगले येतात’ हे म्हणणं पुरेसं नाही. घरातले फोटो मंद वेगाने काढलेले असतात. पडद्याची परीक्षा भर उन्हात, पाचशे आणि हजारवर होते.

कापडी पडद्याचे आणखी तीन दोष फिल्मवर स्पष्ट दिसतात. प्रिंटवर दरवेळी त्याच जागी पांढरा ठिपका येत असेल, तर पडद्याला भोक आहे. झोर्कीसारख्या कॅमेऱ्यात आरसा नसतो. झाकण न लावता तो उन्हात ठेवला आणि सूर्य नेमका लेन्ससमोर आला, तर लेन्स सूर्यबिंब पडद्यावरच एकवटते आणि कापड जळतं. झेनिट किंवा पेंटॅक्समध्ये आरसा वाटेत असल्याने पडदा वाचतो. चौकटीच्या एका कडेला बारीक पांढरी पट्टी येत असेल, तर पडदा शेवटाला आपटून किंचित मागे उसळतोय. आणि चौकट एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे समान चढत्या क्रमाने उजळ होत असेल, तर पडद्याची चाल एकसारखी राहिलेली नाही. यांतल्या भोकावर काळ्या रबरी रंगाचा ठिपका चालतो. उसळीला रोधकाची जुळणी लागते. चाल बिघडली असेल तर आधी रूळ साफ करायचे. स्प्रिंगचा ताण वाढवणं हा अगदी शेवटचा उपाय. ताण वाढवून मळ हरवता येतो खरा, पण जुनं कापड तो ताण सोसत नाही, आणि पडदा फाटला की मग प्रश्नच मिटला.

धातूच्या पात्यांचं, वरून खाली धावणारं शटर हे चौथं कूळ. कोपाल कंपनीच्या अशा शटरांनी १९६० च्या दशकापासून बाजार बदलला. पात्यांना फक्त २४ मिलिमीटर जायचं असतं, म्हणून फ्लॅशसाठी १/१२५ पर्यंत मोकळीक मिळाली. १९८२ च्या निकॉन एफएम २ ने तर वेग १/४००० पर्यंत नेला. यांची पाती सहसा बिघडत नाहीत. बिघडतो तो आसपासचा फोम. उजेड अडवण्यासाठी आणि आरशाची थाप झेलण्यासाठी लावलेला हा काळा फोम आपल्या हवेत वितळून गुळाच्या पाकासारखा होतो आणि पात्यांना लागला की शटर अर्ध्यावर थांबतं. या कॅमेऱ्यांची पाठ उघडली की पहिली नजर फोमवर जायला हवी. आणि बॅटरीवर चालणाऱ्या शटरांबाबत, कूळ कोणतंही असो, एक सूचना : कॅनन एई-१ सारखा कॅमेरा मुका पडला तर शटरला दोष देण्याआधी बॅटरी बदलून, तिची टोकं पुसून बघा. के १००० किंवा एफएक्स-३ बॅटरीविना चालतात, तिथे बॅटरी फक्त मीटरची.

इथे एक प्रश्न उभा राहतो. एवढे दोष होते, तर इतकी वर्षं स्टुडिओ चालले कसे? उत्तर फिल्मच्या सोशिकपणात आहे. कृष्णधवल निगेटिव्हला दोन-तीन पट उजेड जास्त मिळाला तरी ती सांभाळून घेते. उजेड कमी पडला तर मात्र सावल्यांतलं काहीच उरत नाही. पात्यांची शटरं म्हातारी होतात तशी मंदावतात, म्हणजे उजेड जास्तच देतात. अडीचशेचं शटर प्रत्यक्षात शंभरने चालत असलं तरी निगेटिव्ह जरा दाट येई, डार्करूममधला माणूस एन्लार्जरखाली दोन सेकंद जास्त देई आणि प्रिंट चोख निघे. शटरची चूक डार्करूम फेडत होती. ज्याच्या दुकानात फोटो काढणारा आणि धुणारा एकच असे, त्याला आपल्या शटरचा स्वभाव हाताला पाठ होता. पुढे रंगीत रोळ आले, छपाई शहरातल्या लॅबमध्ये मशीनवर जाऊ लागली, आणि शटर व डार्करूम यांच्यातला हा व्यवहार तुटला. त्या काळात बऱ्याच चांगल्या कॅमेऱ्यांवर ‘खराब’ असा शिक्का बसला तो यामुळे. कॅमेरे तेच होते, त्यांची चूक सांभाळून घेणारा माणूस साखळीतून गेला होता.

म्हणून या पुस्तिकेत मोजमापाला एक पूर्ण प्रकरण दिलं आहे. वेग मोजायला महागडं यंत्र लागत नाही. जुना, फुगीर काचेचा टीव्ही मिळाला तर उत्तम. आपल्याकडच्या प्रक्षेपणात चित्र सेकंदाला पन्नास वेळा वरून खाली रेखलं जाई, म्हणजे एका फेरीला वीस मिलिसेकंद. पाचशेवर ठेवलेल्या शटराने असा पडदा टिपला, तर फोटोत पडद्याच्या उंचीचा साधारण दहावा भाग उजळ दिसायला हवा. पाचवा भाग दिसला तर पाचशेचं शटर अडीचशेने चालतंय. पात्यांच्या शटरात ही पट्टी आडवी सरळ येते, आडव्या धावणाऱ्या पडद्याच्या शटरात तिरकी. सपाट टीव्हीवर हे जमत नाही. मंद वेगांसाठी हातातला मोबाइल पुरतो : सेकंदाला २४० चौकटींच्या चित्रीकरणात एक चौकट साधारण चार मिलिसेकंदांची, तेव्हा तीसचा वेग आठ चौकटींत आणि साठचा चार चौकटींत मोजून घेता येतो. एकशे पंचवीसच्या पुढे या मापावर विसंबू नये.

मोजल्यावर आकडे छापील वेगाशी जुळणार नाहीत, याने घाबरून जायचं कारण नाही. नव्या कॅमेऱ्यातही वेगाला थोडी सूट धरलेली असे. विचारायचा प्रश्न निराळा आहे : शटर किती चुकतं यापेक्षा, ते दरवेळी तेवढंच चुकतं का? एकाच वेगावर दहा वेळा चालवून बघा. पाचशेला दहाही वेळा अडीचशेच मिळत असेल, तर ते शटर विश्वासू आहे. अडीचशे धरून अ‍ॅपर्चर ठेवा आणि खुशाल फोटो काढा. एकदा पाचशे, एकदा शंभर, एकदा अडलंच, असं असेल तरच ते उघडण्याच्या लायकीचं. या एका कसोटीने दुरुस्तीला आलेले बरेच कॅमेरे न उघडताच परत पाठवता येतात.

उघडायचंच असेल, तर काही नियम पाळावेत. पात्यांना बोट लावू नये. घामाचा ठसा पुढे गंजाचा डाग होतो. सफाईला लायटरमध्ये भरायचं शुद्ध द्रव वापरावं, तेही उघड्या हवेत आणि शेगडी-उदबत्तीपासून लांब, कारण ते क्षणात पेट घेतं. रबरी कापडाच्या पडद्यावर मात्र ते चुकूनही पडू देऊ नये, रबर सुटून येतं. जुन्या पात्यांच्या शटरावरची सेल्फ-टायमरची कळ हलवू नये. तिची चाकं सर्वांत आधी थिजतात, आणि ती मध्येच अडकली की शटरही अडकून बसतं. वेग बदलण्याचा क्रम कुळागणिक उलटा आहे, हे तर पाठच करून टाकावं : जुन्या कॉम्पुरमध्ये पाचशेचा वेग चावी देण्याआधी लावायचा, आणि रशियन कॅमेऱ्यांत आधी फिल्म पुढे घ्यायची, मगच तबकडीला हात लावायचा. ठेवणीतला कॅमेरा स्प्रिंग सैल असताना ठेवावा आणि महिन्यातून एकदा सगळ्या वेगांवर चालवावा. पावसाळ्यात चामडी पिशवीतून बाहेर काढावा, कारण ओल धरून ठेवण्यात चामड्याचा हात कुणी धरणार नाही.

आग्फा क्लिक थ्री वापरणाऱ्यांनी यांतले बहुतेक नियम विसरले तरी चालतील. त्याचं शटर म्हणजे एक तबकडी, एक स्प्रिंग आणि एकच वेग, १/३० च्या आसपासचा. त्यात बिघडायला जागाच कमी. ते अडलं तर बहुधा गंज किंवा धूळ असते, आणि फोटो हलले तर ते शटरामुळे क्वचितच. तीसच्या वेगाला हात हलतो. दोष कुठे नाही हे कळणं, हाही निदानाचाच भाग आहे.

प्रकरणांची मांडणी याच क्रमाने आहे. आधी फिल्मवरच्या खुणा, मग कान आणि डोळ्याने होणारी तपासणी, मग मोजमाप, आणि सर्वांत शेवटी दुरुस्ती. वाचकाने थेट शेवटच्या प्रकरणाकडे उडी मारू नये, अशी विनंती आहे. ज्या स्टुडिओवाल्यांनी आणि घड्याळजींनी आपली बाडं, निगेटिव्हच्या पेट्या आणि टेबलाचा खण या कामासाठी मोकळे केले, त्यांची नावं त्यांच्याच इच्छेने इथे दिलेली नाहीत. शटरविषयी या भागात जे काही शहाणपण आहे ते त्यांनी काम करता करता जमवलेलं आहे. पुस्तिकेने ते क्रमाने लावलं, इतकंच.

आता शेवटची गोष्ट, जी वाचक आजच करू शकेल. घरातला कॅमेरा काढा आणि त्याचे प्रत्यक्षातले वेग मोजून एका चिठ्ठीवर लिहा : छापील आकडा, मिळालेला आकडा, मोजल्याची तारीख आणि तेव्हाचा ऋतू. चिठ्ठी कॅमेऱ्याच्या पिशवीत ठेवा. पुढच्या वर्षी वैशाखात पुन्हा मोजा. दोन वर्षांचे आकडे जुळले, तर त्या कॅमेऱ्याला दुरुस्तीची गरज नाही आणि या पुस्तिकेची शेवटची चाळीस पानं तुमच्यासाठी नाहीत. न जुळल्यास ती उघडा. तोवर स्क्रू-ड्रायव्हर खणातच राहू द्या.